व्हर्नाचे अठ्ठेचाळीस चौकोन

आमच्या डुलुथमध्ये, अमेरिकेच्या उत्तर टोकाला, माणसाचा पाय मोडला तरी तो म्हणणार, "तसं बरंय." मी याच गावची, चोवीस वर्षं नर्स आहे, आणि या सवयीचा मला मनस्वी राग येतो. व्हर्ना कांगास तर त्यातली मेरुमणी.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. भाजलं, कापलं, कधी ब्र काढला नाही. पुढे पार्किन्सन झाला. औषधाने अंगाचा ताठरपणा गेला, पण त्याच औषधापायी हात, मान, खांदे आपोआप वळवळायला लागले. त्या वळवळीवरच्या नव्या गोळीची आमच्या दवाखान्यात चाचणी होती. मेंदूतल्या एका रिसेप्टरचं दार ती गोळी अडवून बसते, म्हणजे हलण्याचे फाजील निरोप आत पोचत नाहीत.

चाचणीत यायचं तर आधी दोन दिवसांची डायरी भरायची. अर्ध्या तासाला एक चौकोन, दिवसाचे अठ्ठेचाळीस. व्हर्नाने जागेपणी सगळीकडे एकच खूण केली होती: 'हालचाल आहे, त्रास नाही.' आणि माझ्यासमोर बसून एका हाताने दुसरा दाबून धरला होता! चाचणीत त्रास होणारेच घेत होते; अशी डायरी म्हणजे बाई बाद. ती पुन्हा एकदाच भरता येत होती, आणि काय लिहायचं ते सांगायला मला सक्त मनाई. जीव जळत होता माझा.

"काल दुपारी काय केलंत, व्हर्नाताई?"

"काही नाही गं. हातावर बसले होते."

"किती वेळ?"

"रात्री जेवायची वेळ होईपर्यंत. त्यात काय सांगायचं? लोकांना केवढाली दुखणी असतात."

"लोकांची डायरी लोक भरतील," मी चिडूनच म्हटलं. "ही तुमची आहे. खरं असेल ते लिहा."

सोमवारी ती नवी डायरी घेऊन आली, सोबत नवरा ऑरिन. खुणा वेड्यावाकड्या, चौकोनाबाहेर गेलेल्या, पण बहुतेक सगळ्या एकाच रकान्यात: 'त्रासदायक.' व्हर्ना चाचणीत बसली. मी तिला मिठीच मारली.

ऑरिनने मात्र चष्मा लावून ती पानं वाचली. मग पहिल्यापासून परत वाचली.

"रोज विचारतो मी तुला," तो म्हणाला. "रोज म्हणतेस, बरंय."

"अरे, सांगून तू काय करणार होतास?"

"शेजारी बसलो असतो."