फिनेलचा जामीन
फिनेलचा वास आला की मामांचे अंगण आठवते. सत्तरच्या दशकात रसायनशास्त्राच्या पदवीसाठी मला शैक्षणिक कर्ज हवे होते आणि जामीन म्हणून मामांची सही. ते घरीच फिनेल करून सीताबर्डीच्या बाजारात विकत. “कर्ज काहून काढून राहिला गा? माह्याकडं ये, उद्यापासून पगार.” मी पुन्हा पुन्हा समजावले. ते तेल-पाणी वेगळे झालेली बाटली हलवत म्हणाले, “हे फाटून काहून राहिलं, सांग.” “तेच तर शिकायचं आहे, मामा!” मी वैतागून ओरडलो. त्यांनी बाटली खाली ठेवून सही केली. पदवीनंतर नोकरी लागली, अर्धा पगार कर्जाच्या हप्त्यात जात होता; तेव्हा मी फिनेल न फाटण्याचा उपाय सांगायला गेलो. “राहू दे गा,” ते म्हणाले, “आता गिऱ्हाइकायलेच हलवायची सवय लागली.” आजही मी फिनेलची बाटली आधी हलवतो.