चाकावरचे चार आकडे

तामोत्सु ओनोदेराला मागायची लाज नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलतोय असं समजू नका, तोंडावरही कितीदा बोललोय. तो हसतो आणि म्हणतो, "काच्चान, तोंड दिलंय ते कशाला मग?"

मी कात्सुजी हिरानुमा, त्याचा काच्चान. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये तीस वर्षं माझे हात ग्रीसमध्ये आहेत. तामोत्सु दुधाचा टँकर चालवतो. आमच्या तोकाचीच्या सपाटीवर तो एकाआड एक दिवस गोठ्यागोठ्यावर जातो, नळी जोडतो, दूध ओढून घेतो आणि निघताना काहीतरी मागतो. कुणाकडे मक्याची कणसं, कुणाकडे कुत्र्याचं पिल्लू, कुणाकडे नुसता सल्ला. लोक देतात, वर खूशही होतात. हे मला आजवर उलगडलेलं नाही.

लहानपणापासून हेच. एका हिवाळ्यात आमच्या शाळेला स्केट्सचा एकच चांगला जोड मिळाला. गोठलेल्या तळ्यावर मी तामोत्सुच्या कितीतरी पुढे असायचो. मास्तरांना ते ठाऊक होतं, तामोत्सुलाही होतं. मास्तर बोलावतील म्हणून मी वाट बघत बसलो. तामोत्सु सरळ त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, "मला द्या ना." दिले! शर्यतीत पठ्ठ्या शेवटून दुसरा आला आणि तरी सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. मी जुन्याच स्केट्सवर तिसरा आलो होतो. ते कुणाला आठवतही नसेल.

मोटरसायकलचं असंच झालं.

कुराशिना नावाचे गुरांचे डॉक्टर होते आमच्याकडे. त्यांची लांब पल्ल्याची गाडी होती, निळी, उंच, दोन सिलिंडरची. डांबरी घाट असो की खडीची वाट, तिला सगळं सारखंच. बारा वर्षं तिची देखभाल माझ्याकडे होती. नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आत, ती शेडच्या कोपऱ्यात यायची. टाकी काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे आतून गंजत नाही. बॅटरी काढून घरात न्यायची, चेन पुसून तेल द्यायचं, दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून ठेवायची. एप्रिलमध्ये सगळं परत जोडलं की मी तिला दहा किलोमीटर फिरवून आणायचो. तपासायला म्हणून, असं डॉक्टरांना सांगायचो. माझ्या अख्ख्या वर्षात तेवढा एकच पाव तास मला माझा वाटायचा. दुसरी एखादी गाडी घ्यायची तर केव्हाच घेता आली असती. मला तीच हवी होती.

डॉक्टर सत्तरी ओलांडून मुलीकडे सेन्दाईला राहायला निघाले. गाडीचं काय करायचं ते मला विचारतील, याची मला खात्री होती. महिनाभर मी मनात मांडे खात होतो. उत्तरसुद्धा तयार होतं. आधी दोनदा नको म्हणायचं आणि मग 'तुमचा एवढा आग्रह असेल तर' म्हणायचं. एप्रिलच्या शेवटी शेडच्या दाराशी इंजिनाचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. बाहेर आलो तर वर तामोत्सु!

"काच्चान, घेतली बघ!"

"डॉक्टरांनी तुला दिली?"

"मागितली. म्हटलं, गाडी कुणाला देताय? तर म्हणाले, अजून कुणी विचारलं नाही. म्हटलं, मग हे मी विचारलं! म्हणाले, हिरानुमाच्या हाताखालची गाडी आहे, डोळे झाकून घेऊन जा."

अजून कुणी विचारलं नाही! बारा वर्षं तिचा एकेक बोल्ट पुसणारा माणूस समोर असताना विचारायचं काय राहिलं होतं? माझ्या अंगाची लाही लाही झाली. डॉक्टरांचा राग आला, तामोत्सुचा त्याहून जास्त आला, आणि तो मात्र हेल्मेट काखेत घेऊन भोळ्यासारखा उभा होता.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "लायसन्स काढून वीस वर्षं झाली, तेव्हापासून हात नाही लावला. तू सांगशील तसं करतो. काय काय बघायचं?"

वापरलेली गाडी घेतलेल्या माणसाला काय सांगायचं, हे मला पाठ आहे. आधीच्या मालकाने काय केलं ते विसरायचं आणि शून्यापासून सुरू करायचं. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट सगळं नवं. चेनला दोन बोटं ढील आहे का ते बघायचं. टायर, नळ्या, बेअरिंग तपासायची. आणि पहिला एक हंगाम गाडीवर नवं काहीही चढवायचं नाही. आहे तशी चालवायची, तिचं वजन अंगवळणी पडू द्यायचं, मगच काय कमी आहे ते कळतं.

यातलं तेलापाण्याचं आणि चेनचं मी सांगितलं. तो वहीत लिहून घेत होता. मी गाडीभोवती फिरलो आणि मागच्या चाकापाशी वाकलो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. टायर दहा वर्षांचे झाले होते. डॉक्टर शेवटी शेवटी गावातल्या गावात फिरायचे, त्यामुळे खाचा अजून खोल होत्या. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते, तिथे खाचाच मोजतात, म्हणून गाडी दरवेळी पास व्हायची. पण रबर दगड झालं होतं. मी नख रोवून बघितलं, नख रुतलं नाही. असलं रबर कोरड्या रस्त्यावर चालून जातं, ओल्यात साबण होतं. मी डॉक्टरांना सांगून बघितलं होतं. आता कुठे लांब जातो मी, असं ते म्हणाले होते.

"अजून काही राहिलंय का?" तामोत्सुने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

विसरलो असं म्हणता येईल मला. पण विसरलो नव्हतो. त्याने मरावं असं माझ्या मनात नव्हतं, तेवढा मी वाईट नाही. मला वाटलं, एकदा ओल्या वळणावर चाक सरकेल, याच्या तोंडचं पाणी पळेल, आणि मग हा शेडवर येऊन म्हणेल, "काच्चान, मला नाही झेपत ही, तूच घे."

पण चाक सरकायलाच तयार नाही. मे महिना कोरडा ठणठणीत गेला. तामोत्सु सुट्टीच्या दिवशी निघायचा आणि संध्याकाळी सांगायला यायचा. बायकोने घातलेलं मुळ्याचं लोणचं डब्यात घालून आणायचा, तेही चांगलं असायचं.

"काच्चान, समोरून मोटरसायकलवाला आला ना, की हात करतो! ओळख ना पाळख! आज अकरा जणांनी केला."

बारा वर्षांत मला एकानेही हात केला नव्हता. एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला बर्फ असतो, तेव्हा कोण येणार हात करायला? मी पाना जोरात आवळला आणि त्याला म्हणालो, "असल्या गाडीला दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या पेट्या हव्यात. नाहीतर लोक हसतात."

त्याने पेट्या बसवल्या. मग मी म्हणालो, जाड पाइपचा क्रॅश गार्ड हवा. तो बसवला. उंच काच हवी, जादा दिवे हवेत, डबल स्टँड हवा. जे जे जड ते ते मी सांगत गेलो आणि तो ओबिहिरो शहरातून आणून लावत गेला. एवढे पैसे त्या लोखंडाऐवजी टायरात घातले असते तर, हे मला रोज वाटायचं, आणि रोज मी गप्प बसायचो. तामोत्सुचे पाय आखूड. आधीच त्याचे चवडे कसेबसे टेकायचे, त्यात आता तीस-पस्तीस किलोंची भर पडली. सीट दोन बोल्ट सैल करून खाली घेता येते, हेही मी त्याला सांगितलं नाही.

शेवटी सोसायटीच्या दुकानासमोर तो उभ्या गाडीसकट आडवा झाला. मी समोरच्या पेट्रोल पंपावरून बघत होतो. कसं वाटलं ते खरं सांगू? गार वाटलं. पण लगेच चार माणसं धावली. एकाने पेटी धरली, एकाने हँडल, दुकानातली म्हातारी पाण्याची बाटली घेऊन आली. तामोत्सु कपडे झटकत हसत म्हणाला, "गाडीला झोप आली होती हो!" आणि सगळे खिदळले. माझ्यासाठी कधी कुणी काही उचललेलं नाही, कारण मी कधी काही पाडलंच नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

जूनच्या एका गुरुवारी तो शेडवर आला. मी ट्रॅक्टरखाली होतो. मला त्याचे फक्त बूट दिसत होते.

"रविवारी मिसुझु येतेय साप्पोरोहून. तिला मागे बसवून मिकुनी घाटात घेऊन जातो. तूच सांग रे बाबा, अजून काही राहिलंय का?"

"नाही," मी खालूनच म्हणालो. बूट निघून गेले.

मिसुझु ही त्याची एकुलती एक मुलगी, आता साप्पोरोला नर्स आहे. तिची पहिली सायकल मीच जुळवून दिली होती. शनिवारी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की रविवारी डोंगरात पाऊस आहे. मी टीव्ही बंद केला. बायको म्हणाली, "अहो, मी बघत होते ना." मी पुन्हा लावला. तेच डोंगर, तेच ढग. तामोत्सु सरकला असता तर मला गाडी मिळाली असती, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबात मागच्या सीटवर कुणी बसलेलं नव्हतं.

सकाळी साडेसहाला मी व्हॅन काढली. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत होतो. टायर जुने आहेत, आजच लक्षात आलं, असं म्हणायचं ठरवलं होतं.

गाडी अंगणात उभी होती. काळेभोर टायर, कडेला नव्या रबराची बारीक लव अजून तशीच. दोन्ही नवे. मी बघतच राहिलो. छातीवरचं ओझं उतरलं, हे कबूल करतो, आणि पाठोपाठ रागही आला. ही एक गोष्ट तरी माझ्याकडून घ्यायची होती त्याने!

"ये, ये!" तामोत्सु घरातून बाहेर आला. पाण्याची पिशवी, रेनकोट सगळं हातात. मग त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "शुक्रवारी खिळा घुसला रे. ओबिहिरोला नेली तर टायरवाला पंक्चर काढायलाच तयार नाही. म्हणाला, हे रबर नाही, बिस्कीट आहे. वर्ष वाचून दाखवलं मला. टँकरच्या चाकावरचं मी रोज वाचतो, आणि हिच्या चाकावरचं वाचायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. का यायचं? तू बघितली होतीस ना गाडी."

मी वाकून टायरवरची नवी लव बोटाने चाचपली.

"तो विचारत होता, कुठल्या गाढवाने तपासली म्हणून. मी म्हटलं, कुणालाच दाखवली नाही, अशीच चालवतोय. तुझं नाव नाही काढलं, काळजी करू नकोस. तीस वर्षांत एखादं सुटणारच नजरेतून. मी कुणापाशी बोलणार नाही."

माझी नजर चुकली! गावात माझ्याकडे दुसरं काय आहे? लोक त्याच्यावर जीव टाकतात, आणि हिरानुमाच्या नजरेतून काही सुटत नाही, एवढंच माझ्याबद्दल बोलतात. आता तेही तो दयेपोटी झाकून ठेवणार होता, पदराआड लपवल्यासारखं. मान डोलावली असती तर विषय तिथेच संपला असता. मला ते गिळवलं नाही.

"सुटलं नव्हतं," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी ते आकडे वाचले होते."

त्याला आधी कळलंच नाही. तो हसला. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. तेवढ्यात मिसुझु हेल्मेट घेऊन दारात आली.

"हिरानुमा काका! तुम्हीपण येताय? बाबा, चला ना, पाऊस यायच्या आत निघू."

तामोत्सुने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तू आत जा," तो म्हणाला. "आज नाही जायचं."

"का? काय झालं?"

"आत जा म्हटलं ना!"

पन्नास वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. ती आत गेली. त्याने रेनकोट पायरीवर ठेवला. आता हा शिव्या घालेल, थोबाडीत मारेल, कशालाही मी तयार होतो. गाडी का हवी होती, किती वर्षं हवी होती, तेही सांगायला तयार होतो. त्याने ते विचारलं नाही.

"आणखी काय काय वाचलं होतंस?"

"मागच्या ब्रेकची नळी," मी म्हणालो. "तिला चिरा पडल्यात. हँडलच्या बेअरिंगमध्ये खाच आहे, सरळ धरलं की हँडल किंचित अडकतं. पेट्या काढून टाक. तो गार्डही काढ, काहीच नको तुला त्यातलं. आणि सीट खाली घेता येते. दोनच बोल्ट आहेत."

तो गॅरेजमध्ये गेला, पाने घेऊन आला आणि गाडीपाशी उकिडवा बसला. सीटखाली हात घालून चाचपायला लागला. त्याला सापडत नव्हतं. मी पुढे झालो आणि सवयीने हात घातला.

"राहू दे," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "तू नुसतं सांग. हात नको लावूस."

मी मागे सरकलो. पावसाचे थेंब पडायला लागले होते. त्याने चुकीच्या बोल्टला पाना लावला.

"तो नाही," मी म्हणालो. "त्याच्या मागचा."