पाणी सुटण्याआधीचे आठ दिवस

साठ सालच्या जूनमध्ये लग्न होऊन मी पुण्याला निघाले, तेव्हा तंजावूरच्या स्टेशनवर अप्पांनी खिडकीतून माझा हात धरला. त्यांच्या नखांत चिकणमाती होती. नव्या नवऱ्यासमोर मला लाज वाटली. सुंदरा, तू तेव्हा लहान होतीस, म्हणून ती माती कुठली ते आज लिहिते. तुझ्या मुलांना देवनागरी येत नाही, त्यांना वाचून दाखव.

आपले अप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. उन्हाळ्यात कालवे आटले की काठांची डागडुजी त्यांच्याकडे. लग्नाआधीच्या महिन्यात मी रोज सकाळी त्यांचा डबा घेऊन जाई. तळाच्या ओलीवर पिवळ्या फुलपाखरांची दाटी असे, डबक्याशी बगळे. आणि काठाच्या मातीत भोकं पाडून राहणारे पंजुरुट्टान! हिरवीगार पाखरं, हवेतच माशी टिपून सरळ भोकात शिरायची. डबा विसरून आम्ही दोघं बघत बसायचो.

पाणी सुटायला दहा दिवस होते. साहेब तपासणीला आले.

"ही भोकं अजून उघडी? काठ फुटला म्हणजे?"

"आठ दिवस द्या," अप्पा म्हणाले. "फुटला तर माझी नोकरी घ्या."

साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. मी घाबरले. लग्न तोंडावर, आणि बाप पाखरांसाठी नोकरी पणाला लावतोय! अप्पा मला एवढंच म्हणाले, "लेंकरें उडोन जाऊंदेत. मग बुजवूं."

सातव्या दिवशी शेवटचं पिल्लू उडालं. मग धोतर खोचून अप्पा स्वतः मजुरांबरोबर माती ठोकत राहिले. पाणी आलं, काठ टिकला. दुसऱ्या दिवशी माझं लग्न, तिसऱ्या दिवशी गाडी.

पुण्यात माझ्या तंजावुरी मराठीला शेजारणी हसत. मी बोलणंच कमी केलं. पुढच्या उन्हाळ्यात ह्यांच्याबरोबर नदीकाठी गेले, तर तारेवर तेच पाखरू.

"पंजुरुट्टान!" मी ओरडलेच.

"आम्ही ह्याला वेडा राघू म्हणतो."

"वेडा? काय म्हणून?" मी भांडायलाच उठले, आणि अप्पांची सगळी हकिकत माझ्याच मराठीत सांगून टाकली. हे हसले नाहीत. त्या पाखराकडे बघत म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?"

त्या संध्याकाळी अप्पांना पत्र लिहिलं : 'आमच्या घरापासून नदी जवळ आहे.' तोवर प्रत्येक पत्रात मी 'ह्यांचं घर' लिहीत असे.