काटा खाली आला

गॅरेजवाल्याला सगळे फटकळ म्हणत, आणि ते नाव त्याने कष्टाने कमावलं होतं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, गाडीची हेळसांड केलेली दिसली की तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. लोक बोलणी खाऊनही त्याच्याकडेच येत, कारण त्याचं निदान चुकत नसे. फक्त एका माणसापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. ते म्हणजे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. आईबाप गेल्यावर ताई-दाजींनीच त्याला वाढवलं होतं. त्यांना उलट बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

दाजींनी आपली जुनी गाडी संध्याकाळी त्याच्याकडे आणून लावली. चढावर तापते, म्हणाले. पाणी भरलं, पंखा बदलला, तरी तेच. फटकळने ती रात्रभर गार होऊ दिली आणि सकाळी चालू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीवर हात ठेवला. नळी अजून गारच होती, पण बघता बघता दगडासारखी टणक झाली. पाणी तापायच्या आधीच नळी फुगते म्हणजे इंजिनातलं गॅस्केट फाटलंय आणि जळका वायू पाण्यात घुसतोय. चढ लागला की हा वायू सगळं पाणी बाहेर फेकणार.

दुसरं कुणी असतं तर त्याने चावी काढून खिशात घातली असती. दाजींना मात्र तो एवढंच म्हणाला, "मध्ये घाट आहे, दाजी. चार दिवस ठेवली असती तर बरं झालं असतं."

दाजी हसले. लेकीकडे जायचं ठरलंय, नातू वाट बघतोय, आणि या गाडीने आजवर कुणाला वाटेत सोडलेलं नाही, असं म्हणाले. ताईने पिशव्या मागच्या सीटवर रचल्या. सावकाश जा, तापाच्या काट्यावर लक्ष ठेवा, असं सांगून फटकळ बाजूला झाला. मऊ बोलणं कधी कधी माणसाच्या मुळावर येतं, पण मान ठेवायची सवय सुटत नाही.

दुपारपर्यंत त्याचं कामात लक्ष लागलं नाही. एकावरही खेकसला नाही, तेव्हा गिऱ्हाइकंच घाबरली. मग ताईचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"अरे, मघाशी काटा पार वर टेकला होता. मी म्हटलं, झालं आता. पण आपोआप खाली आला बघ. अगदी गार दाखवत होता."

त्याच्या हातातला पाना गळून पडला. काटा पाण्याचा ताप मोजतो. पाणीच उरलं नाही की काटा झोपतो, आणि आत लोखंड भाजत असतं.

"ताई, गाडी थांबवायला सांग."

"थांबलोय की. वाफ दिसली म्हणून तुझे दाजी रेडिएटरचं झाकण उघडून बघतायत."

"त्यांना हात लावू देऊ नकोस. आत कोंडलेली वाफ तोंडावर येईल."

"थांब हं, फडकं मागतायत. देऊन येते."

फोन सीटवर ठेवल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा. जन्मात पहिल्यांदा फटकळ दाजींवर ओरडला, घसा फाटेस्तोवर ओरडला. शेजारच्या दुकानांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. फोनमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या ऐकू येत होत्या, आणि लांबून दाजी ताईला सांगत होते, "तू जरा मागे सर."