नाताळपर्यंत थांबलेलं पान

अरुशातल्या आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आनाएलीच्या दोन खोल्या आहेत. आता तिथे सफारीच्या गाड्या चालवणारी पोरं राहतात. भाडं वेळेवर देतात, कोणाशी बोलत नाहीत. पूर्वी तिथे कैद्यांची माणसं उतरायची. म्वांझाहून, किगोमाहून, बसने आंबून, हातात सुक्या माशांची पिशवी घेऊन. देशातल्या कोर्टांत हरलेल्या भावाची किंवा मुलाची तक्रार आफ्रिकेच्या न्यायाधीशांपुढे चालणार, ती ऐकायला ही माणसं यायची. संध्याकाळी अंगणातल्या चुलीभोवती बसून न्यायाधीशांच्या चेहऱ्यांवरून निकाल काढायची.

"ताई, या केळ्यांच्या कालवणात मटण शोधायलाही वकील लावू का?" म्वांझाचा मशाका पातेल्यात डोकावून म्हणायचा.

"तुझे मासे बघ आधी. मांजर फिर्याद करेल."

मशाकाचा भाऊ तुरुंगात होता. आनाएलीचाही होता. धाकटा न्देकिर्वा, दरोड्याच्या गुन्ह्यात तीस वर्षं. खटल्यात त्याला वकील मिळाला नव्हता, आणि अशाच तक्रारी घेऊन तिच्या खोल्यांतली माणसं यायची. तरी आनाएलीने तक्रार केली नव्हती. दरोडा पडला होता तो तिच्याच डोंगरावरच्या मारांगु गावात, किसांगाबाबांच्या दुकानावर. तिच्या वडिलांनी किसांगाबाबांना इसालेचं पान नेऊन दिलं होतं. तिच्या जमातीचा, चग्गा माणूस ते पान आलं की माफी नाकारत नाही, आणि देणाऱ्याने मग ते भांडण उकरायचं नसतं. किसांगाबाबांनी पान घेतलं. सरकारने शिक्षा ठेवली.

"पान दिलंय," आनाएली म्हणायची. मशाका मान हलवायचा.

एका नोव्हेंबरात बातमी आली. सामान्य माणसाने थेट या न्यायालयात जाण्याची मुभा सरकारने काढून घेतली. वर्षभराने ते लागू होणार होतं. जुन्या तक्रारी चालतील, नव्या घेणार नाहीत.

मशाकाचा फोन आला. "ताई, दार लागतंय. त्या दुकानवाल्या म्हाताऱ्याला विचार तरी."

"विचारते की. नाताळला."

नाताळला प्रत्येक चग्गा आपल्या डोंगरावर परततो. सोयरिकी, बांध, भांडणं, सगळं तेव्हाच केळीच्या बागेत बसून मिटतं. असला विषय घेऊन कोणी मध्येच गेलं, तर आधी विचारतात, कोण वारलं? पण त्या नाताळला किसांगाबाबा दार-एस-सलामला मुलाकडे होते. आनाएली निर्धास्त राहिली. वर्षाची मुदत म्हणजे पुढचा नाताळ आहेच. डोंगरावरचं वर्ष नाताळला संपतं.

पुढच्या नाताळला ती नवं पान घेऊन त्यांच्या अंगणात गेली. पान त्यांच्यापुढे ठेवून मान खाली घालून विचारलं, "बाबा, न्देकिर्वासाठी तक्रार केली तर जुनं पान मोडेल का?"

म्हाताऱ्याने केळीच्या दारूचा भोपळा खाली ठेवला. "पान माझ्या रागासाठी होतं गं. तुझं भांडण सरकारशी. त्यात मी कुठे आलो?"

"म्हणजे करू?"

"कधीच करायचीस! मला विचारायचं सोडून एवढी वर्षं काय केलंस?"

"खोल्या भाड्याने दिल्या," ती म्हणाली आणि हसली. तिथूनच तिने मशाकाला फोन लावला. "बाबा हो म्हणाले!"

मशाकाचा आवाज अंगणभर ऐकू आला. "ताई, मला वाटलं तू कधीच केलंस. दार नोव्हेंबरातच लागलं."

किसांगाबाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पान उचलून तिच्या हातात परत दिलं.

"हे मला कशाला? दार मी नाही लावलं," ते म्हणाले.

जानेवारीत ती तुरुंगात भेटीला गेली. न्देकिर्वाने सगळं ऐकून घेतलं. त्याला तिच्या पाहुण्यांची नावं पाठ होती. दर भेटीत तो त्यांचीच चौकशी करायचा.

"मशाका येतो अजून?"

"त्याच्या भावाचा निकाल लागला. कशाला येईल?"

"मग केळ्यांत मटण कोण शोधतं?"

"कोणी नाही. पोरं बाहेर खातात."

तो गजाला टेकला. "किगोमाची ती म्हातारी सांग. न्यायाधीश आले तरी उठली नव्हती, ती."

हे त्याने कितीदा तरी ऐकलं होतं. आनाएलीने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.