फुंकरीवर लागलेला निकाल

मी शिकलो सातवीपर्यंत; तरीही वर्धेच्या तहसीलसमोर माझ्या टेबलावर पदवीधर मंडळी अर्ज लिहून घेण्यास येतात. अशा माझ्या पोटात वर्षभर आग पडत होती. आधी तिखट सुटले, मग वरणभातही छळू लागला. परंतु घशातून नळी घालून पोट पाहतात हे ऐकल्यापासून मी दवाखान्याचे नाव टाकले होते.

अखेर पत्नीने नेलेच. तेथील तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, नळी नको. पोटात जंतू आहेत का, ते श्वासावरून कळतं. फक्त ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे बंद ठेवा."

ठरल्या दिवशी मी उपाशीपोटी एका पिशवीत फुंकर मारली, दिलेले औषधी पाणी प्यालो आणि अर्ध्या तासाने दुसरी पिशवी फुगवली. निकाल आला: जंतू नाहीत. दुखणे मात्र जागच्या जागी.

"मग आता नळीच घालून पाहावं लागेल," बाई म्हणाल्या.

मी दाराकडे जायला उठलो. तेवढ्यात पत्नी कडाडली, "मॅडम, हे रोज चोरून गोळी खाऊन राह्यले होते. यायले वाटते, मले दिसत नाई!" मग माझ्याकडे वळून, "लोकायले शपथेवर खरं लिहायले लावता, अन् सोता मॅडमले खोटं सांगता?"

गोळी चालू असली की जंतू दबून राहतात व तपासणीत सापडत नाहीत, असे बाईंनी समजावले. मी तत्काळ कागद काढून लिहून दिले: 'अर्जदार रोज एक गोळी घेत होता, ही बाब त्याने दडवली. सबब फेरतपासणी व्हावी.' बाई हसल्या आणि तो कागद फाइलला लावला.

पुढचे दोन आठवडे गोळ्यांचे पाकीट पत्नीच्या ताब्यात होते. डावा हात पोटावर दाबून मी अर्ज लिहिले. एकाही अर्जात खाडाखोड नाही. नंतरच्या फुंकरीत जंतू निघाले. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

"रोग निघाला अन् टाळ्या काऊन वाजवता?"

"रोग नव्हे, पुरावा निघाला!"

चौदा दिवसांची औषधे मी एकही वेळ न चुकवता घेतली. महिनाभर थांबून, पुन्हा गोळीचे पथ्य पाळून, तिसऱ्यांदा फुंकलो. जंतू साफ, पोटातली आगही शांत. फाटकाबाहेर झणझणीत तर्री-रस्सा घातलेल्या पोह्यांची गाडी उभी होती. पत्नीने तोंड उघडण्याआधीच मी खणखणीत आवाजात सांगितले, "दोन प्लेट. तर्री वरपर्यंत!"