शेंदूर लावलेली पेटी

तृप्तीने मच्छिंद्रकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फोनवर बोलत होते, आणि शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजून गेलेला कुणालाच कळला नाही. मिशीत लोखंडाचा कीस इतका, की जवळ चुंबक नेलं असतं तर माणूस उभाच्या उभा ओढला गेला असता. जालन्याच्या एमआयडीसीत त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप. जोड असा देत, की मुंगीला पाय ठेवायला फट सापडू नये.

तृप्ती भोकरदनची, पण नोकरीला दूरच्या एका सिंक्रोट्रॉन केंद्रात. तिथे इलेक्ट्रॉन गरगर फिरवून क्ष-किरण काढतात. त्यातली सॉफ्ट एक्स-रेची बीमलाइन, म्हणजे हे किरण नेणारी नळ्या-पेट्यांची रांग, सुधारायची होती. हे किरण इतके नाजूक, की साधी हवासुद्धा त्यांना गिळून टाकते. म्हणून त्यांच्या वाटेवरच्या पोलादी पेटीतली सगळी हवा उपसावी लागते. आत बोटाचा तेलकटपणा राहिला तरी त्याची वाफ निघत राहते आणि मेहनत पाण्यात जाते.

"ही नवी पेटी आमच्या जालन्यात होईल," असं तृप्ती साहेबांना छातीठोकपणे सांगून बसली होती. केंद्र दुरुस्तीसाठी बंद होतं, तेवढ्यात पेटी बसली नाही तर जालन्याचं नाव काढायची पुन्हा सोय नव्हती.

"काका, उघड्या हाताने शिवायचं नाही."

"बिलकुल न्हाई, ताई. आमच्या हिलासुद्धा शिवू देत न्हाई." 'ही' म्हणजे उषाबाई.

काकांनी शब्द पाळला. हातमोजे घातले, चपला दाराबाहेर काढल्या, पेटीकडे तोंड करून शिंकणाऱ्या वेल्डरला हाकलून दिलं. पेटी धुऊन, कागदात गुंडाळून रवाना झाली.

केंद्रात पंप सुरू झाला. हवा निघाली, पण आतून वाफ यायची थांबेना. तपासणीच्या यंत्राने तेल दाखवलं. तृप्तीने फोन लावला.

"काका, आत तेल कुठून आलं?"

"तेल? कुठलं तेल? आपण तं पूजा केल्ती फक्त."

"कसली पूजा?"

"आता नवी वस्तू बिनपूजेची धाडायची का? तेलात शेंदूर कालवला, स्वस्तिक काढलं."

"पेटीवर?"

"वर कशाला? बाहेरून चकचकीत पाह्यजे म्हणल्त्या ना तुम्ही? मंग आतून काढलं. हातमोजे घालून, बराबर!"

तृप्तीने कपाळाला हात लावला. उघडाच.

"अन् नारळ?" तिने भीत भीत विचारलं.

"नारळ बाहेर फोडला. येवढं कळतं आम्हाला."

पेटी पुसली, धुतली, भाजली, पुन्हा धुतली. शेंदूर वेल्डच्या खाचेत जाऊन बसला होता. तेवढ्यात केंद्र सुरू व्हायची तारीख आली. काका रोज फोन करून विचारत, "निघाला का? न्हाई तं घासलेट लावून पाहा." तृप्ती रोज फोन ठेवून भिंतीकडे बघत बसे.

बीमलाइन जुन्याच पेटीवर सुरू झाली. नवी पेटी परत जालन्याला आली. तिला नळ्या जोडायला सगळीकडून भोकं ठेवलेली असल्याने उषाबाईंना तिच्यात ज्वारीसुद्धा ठेवता येत नाही.